जिवंत माती, मेलेली माती

सकाळी ६.४५

डिसेंबरात या वेळी शिरोली एमआयडीसीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि पहिल्या पाळीच्या दुचाकी यांची एकच गर्दी असते. फाउंड्रीत शिरल्यावर मी प्रयोगशाळेचे कुलूप आधी उघडत नाही, सरळ सँड प्लँटकडे जातो. रात्रभर हॉपरमध्ये पडून राहिलेली वाळू सकाळी फसवी असते. वरचा थर सुकलेला, आतला अजून कोमट आणि दमट. ती जशी निघेल तशी मोल्डिंगला गेली, तर दिवसाचे पहिले साचेच कच्चे निघतात.

मिक्सरवरचे मामा माझ्या आधी हजर होते. त्यांनी मूठभर वाळू उचलून दाबली, बोटे उघडली आणि तयार झालेला गोळा दोन्ही बाजूंनी धरून मोडला. कडा भुरभुरल्या.

"साहेब, कोरडी लागतीया आज. पाणी वाढवू का माती?"

माझ्या दिवसाचा खरा प्रश्न तो हाच. मामांच्या हाताला कोरडेपणा अचूक कळतो. तो पाणी कमी पडल्यामुळे आहे की माती कमी पडल्यामुळे, हे मात्र कोणत्याच हाताला कळत नाही. तेवढ्यासाठी प्रयोगशाळा.

साच्याच्या शंभर किलो वाळूत ८५ ते ९० किलो सिलिका वाळू असते, ७ ते ९ किलो बेन्टोनाइट माती, थोडी कोळशाची भुकटी आणि तीन-चार किलो पाणी. वाळू कणकवली तालुक्यातल्या कासार्डे भागातून घाट चढून येते, माती कच्छहून. या सात-आठ किलो मातीच्या जोरावर वाळूची भिंत उभी राहते आणि चौदाशे अंशांचे वितळलेले बीड पोटात धरून ठेवते. कोल्हापूरच्या आसपास तीनशेच्या घरात फाउंड्र्या आहेत. इंजिनांचे, ट्रॅक्टरचे, पंपांचे भाग इथे ओतले जातात. त्यातल्या बहुतेक ठिकाणी या मातीकडे 'पोत्यातली पावडर' एवढेच पाहिले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सकाळी ७.३०

ठरलेल्या चाचण्या. नळीत वाळू भरायची, तीन ठोके द्यायचे आणि ती किती दबली ते वाचायचे. आज ३६ आले, आम्हाला ४० लागते. ओलावा ३.१ टक्के. पन्नास मिलिमीटरचा ठोकळा दाबून ताकद पाहिली, त्यातून हवा किती सहज जाते ते पाहिले. दोन्ही ठीक. सगळे मिळून वीस मिनिटांचे काम, त्यात फार सांगण्यासारखे नाही.

तंत्रनिकेतनातून शिकायला आलेली मुलगी वहीत आकडे उतरवत होती. मामांना निरोप दिला : पाणी थोडे वाढवा, मातीला हात लावू नका. मातीचा आकडा अजून यायचा आहे.

सकाळी ९.००

कच्छचा ट्रक आला. पाटीवर जीजे-१२. बाराशे किलोमीटरच्या आसपास चालून आलेला, ताडपत्रीवर रस्त्याची धूळ. स्टोअरवाल्यांना तो लगेच रिकामा करून हवा असतो आणि ड्रायव्हरला परतीचे भाडे गाठायचे असते. तरीही नमुना हातात पडल्याशिवाय एक पोते खाली उतरू देत नाही. वरच्या थरातली पोती, मधली, अगदी तळातली, अशी निवडून प्रत्येकात सळई खुपसायची आणि आलेली पूड एकत्र करायची. वरच्या पोत्यांत उत्तम माल आणि तळाला सुमार, असे या धंद्यात होते.

बेन्टोनाइट हातावर घेतले तर फिकट पिवळसर, मऊ पूड. जिभेला लावली तर चिकटते. जुने मोल्डर अजूनही तसेच तपासतात. त्यांना मी हसत नाही, कारण त्यातून एक गोष्ट खरोखर समजते : ही माती पाणी ओढून घेते. पण किती ओढते आणि भाजल्यावरही ओढते का, हे जिभेला सांगता येत नाही.

सकाळी ९.४५

आता निळ्या रंगाची चाचणी. प्रयोगशाळेतल्या सगळ्या कामांत माझे सगळ्यात आवडते. हिच्याइतकी सरळ बोलणारी चाचणी मला दुसरी माहीत नाही.

पाच ग्रॅम सुकवलेली वाळू घ्यायची. नव्या बेन्टोनाइटची परीक्षा असेल तर त्याहून कितीतरी कमी. टेट्रासोडियम पायरोफॉस्फेटच्या पाण्यात ती चांगली हलवायची, म्हणजे वाळूच्या कणांना लागलेली माती सुटून पाण्यात येते. मग ब्युरेटमधून मिथिलीन ब्लू थोडे थोडे सोडत राहायचे. प्रत्येक वेळी काचेच्या कांडीने एक थेंब गाळणकागदावर टेकवायचा. सुरुवातीला मधोमध गडद निळा ठिपका आणि भोवती स्वच्छ पाणी पसरते. माती रंग गिळत असते. एका क्षणी ठिपक्याभोवती फिकट निळसर-हिरवी कडा उमटते. मातीचे पोट भरले, आता जादा रंग पाण्यात मोकळा फिरतो आहे. दोन मिनिटे ढवळून पुन्हा थेंब टेकवायचा. कडा टिकली तर ब्युरेट वाचायची.

यामागचे कारण त्या मुलीला आज सविस्तर सांगितले. बेन्टोनाइटमधले मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट. त्याचे कण म्हणजे एकावर एक रचलेल्या कागदांच्या थप्प्यांसारखे अतिशय पातळ थर. थरांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून त्यांच्या मध्ये सोडियम, कॅल्शियमचे धन आयन येऊन बसतात. पाणी शिरते तेही तिथेच, आणि थर एकमेकांपासून दूर सरकतात. माती फुगते, चिकट होते, वाळूच्या कणाला कण बांधते. मिथिलीन ब्लूचा आयनही धन असल्यामुळे तो सोडियमला हुसकावून त्याच जागेवर बसतो. म्हणजे किती रंग गिळला यावरून बांधण्याची जागा किती शिल्लक आहे ते कळते.

साच्याच्या तोंडाशी वितळलेले लोखंड भिडले की तिथली माती भाजते. सहाशे अंशांच्या पुढे या खनिजाच्या रचनेतले पाणी कायमचे निघून जाते आणि थर एकमेकांवर कोसळतात. मग तिच्यावर कितीही पाणी ओता, ती पुन्हा फुगत नाही. आम्ही तिला डेड क्ले म्हणतो, मेलेली माती. ती वाळूतच राहते, वजनात मोजली जाते, पाणी शोषते, पण बांधत काही नाही. वाळू धुऊन निघणारी एकूण माती आज ११.८ टक्के आली. निळ्या रंगाने जिवंत दाखवली ८.१. मधला फरक मेलेल्या मातीचा आणि कोळशाच्या बारीक भुकटीचा.

८.१ आम्हाला पुरते. म्हणजे मामांची वाळू पाण्यानेच कोरडी होती. ट्रकमधल्या नव्या मालानेही रंग भरपूर घेतला. पोती उतरवायला सांगितली आणि फुगण्याच्या चाचणीसाठी नमुना बाजूला ठेवला. तिचे उत्तर उद्या.

सकाळी ११.१५

ओतकाम सुरू. इंडक्शन भट्टीतून बीड निघते तेव्हा चौदाशे पन्नासच्या आसपास असते, साच्यात पडेपर्यंत पन्नास-साठ अंशांनी उतरते. शिकणाऱ्या माणसाने हे प्रयोगशाळेतून ऐकण्यापेक्षा लाइनवर येऊन पाहावे, म्हणून मुलीला सोबत घेतले. चष्मा, बूट, हेल्मेट तपासून.

धातू आत शिरला की साच्याच्या तोंडावरच्या वाळूतले पाणी तत्क्षणी वाफ होते. वाफ बाहेर येऊ शकत नाही, बाहेर धातू आहे. ती मागे वाळूत घुसते, काही मिलिमीटर आत थंड थर लागला की तिथे पुन्हा पाणी होते. त्यामुळे तोंडामागे एक असा पट्टा तयार होतो ज्यात ओलावा मूळ वाळूपेक्षा खूपच जास्त असतो. सगळ्या साच्यात सर्वांत दुबळी जागा ती. त्याच वेळी तोंडावरची वाळू तापत असते आणि ५७३ अंशांना तिच्यातले क्वार्ट्झ एकदम प्रसरण पावते. तोंडाचा थर फुगून पुढे येऊ पाहतो आणि त्याच्या पाठीशी ओला, ढिला पट्टा. मातीने तिथे धरून ठेवले नाही तर तो पापुद्रा सुटतो, धातू मागे शिरतो आणि कास्टिंगवर खडबडीत खपली येते. फाउंड्रीत त्याला स्कॅब म्हणतात.

इथे सोडियमची माती आणि कॅल्शियमची माती यांतला फरक पैशांत दिसतो. दोन्ही बेन्टोनाइटच. कॅल्शियमच्या मातीत वाळू पटकन बांधली जाते, हाताला ताकदही बरी लागते. पण त्या ओल्या पट्ट्यात ती हात सोडते. सोडियमची माती भिजूनही पकड ठेवते आणि भाजणीला जास्त टिकते, म्हणून तीच वाळू पुन्हा पुन्हा फिरवता येते. कच्छच्या मांडवी, नखत्राणा, लखपत, अबडासा या तालुक्यांतल्या मातीला फाउंड्रीत भाव आहे तो यासाठी. राजस्थानात बाडमेरलाही बेन्टोनाइट निघते. कॅल्शियमच्या मातीत सोडा ॲश मिसळून तिला सोडियमची करता येते, बाजारात तसा माल पुष्कळ असतो. नीट केलेला असेल तर वाईट नाही. अर्धवट केलेला असेल तर पहिल्या दिवशी चांगला वागतो आणि भाजला की लवकर मरतो.

दुपारी १.००

डबे उघडले. मुलीने घरून भाकरीबरोबर एक प्लास्टिकची पिशवीही आणली होती. शिरोळ तालुक्यातल्या तिच्या शेतातली काळी माती. वडिलांनी विचारले म्हणे, आपल्या जमिनीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात पाय रुतला की निघत नाही, मग तुमची कच्छची माती आणि ही यात वेगळे काय?

शेतकऱ्याने विचारलेला हा प्रश्न भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही सुचत नाही. दोन्ही मातींचे मूळ एकच आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले आणि दख्खनचा बेसॉल्ट तयार झाला. कच्छही त्याच पसाऱ्यात येते. पुढे त्या दगडाचे काय व्हायचे ते पाण्याने ठरवले.

सह्याद्रीच्या माथ्यावर, राधानगरी-शाहूवाडीकडे, पाऊस प्रचंड आणि उतार मोकळे. पाण्याने बेसॉल्टमधला मॅग्नेशियम, चुना आणि सिलिकासुद्धा धुऊन नेला. मागे राहिले लोह आणि ॲल्युमिनियम. म्हणून तिथे जांभा आहे आणि बॉक्साइटही. तेच पठार उतरून पूर्वेला शिरोळकडे आलो की पाऊस कमी, जमीन सपाट, पाण्याला बाहेर पडायची घाई नाही. मॅग्नेशियम आणि सिलिका जागेवरच राहिले आणि त्यांच्यापासून मॉन्टमोरिलोनाइटच्या कुळातली फुगणारी खनिजे तयार झाली. ती काळी रेगूर. कच्छमध्ये बेसॉल्ट आणि ज्वालामुखीची राख पाण्याखाली सावकाश कुजली, आणि तेच खनिज जाड, बऱ्यापैकी शुद्ध थरांत साठले. एकाच जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे बसने गेले तरी यातली दोन रूपे खिडकीतून दिसतात.

जेवण झाल्यावर तिच्या मातीवर निळ्या रंगाची चाचणी तिलाच करू दिली. काळ्या मातीने रंग घेतला, चांगला घेतला, पण ती कच्छच्या मातीच्या बरीच खाली थांबली. पुस्तकातही असेच आहे. आयन धरून ठेवण्याची क्षमता शंभर ग्रॅममागे मोजली तर मॉन्टमोरिलोनाइटची ८० ते १५० मिलिइक्विव्हॅलंट, न फुगणाऱ्या केओलिनाइट खनिजाची ३ ते १५. काळी जमीन मधे कुठेतरी, कारण तिच्यात गाळ आहे, चुनखडीचे खडे आहेत. आम्ल टाकले तेव्हा तिच्या नमुन्यातून लगेच फेस आला. हा चुना साच्यात घातला तर ओतताना वायू सोडेल आणि वाळूचा वितळणबिंदू खाली आणेल. शेतात मात्र तिचे गुण मोलाचे आहेत. आयन धरून ठेवते म्हणून ती खत धरते, पाणी धरते, म्हणून खपली गव्हाला आणि शाळूला चालते. वडिलांना सांग, म्हटले, तुमची माती फाउंड्रीला नको आहे हे तुमच्या जमिनीचे भाग्य.

दुपारी २.३०

वितळलेला धातू वाहून नेणाऱ्या लॅडलचे अस्तर तपासायला बोलावणे आले. हे माझे रोजचे काम नव्हे, पण माती म्हटली की मला हाक मारतात. जुन्या लॅडलला फायरक्लेच्या विटा आहेत, दोन जागी सांधे खाल्ले होते.

फायरक्ले निघते दगडी कोळशाच्या थरांसोबत. गोंडवाना काळातल्या दलदलींच्या तळाशी साठलेली ही माती. आपल्याकडे चंद्रपूर भागात, पूर्वेला झारखंड-बंगालच्या कोळसापट्ट्यात. तिचे मुख्य खनिज केओलिनाइट, त्याच्या थरांमध्ये पाणी शिरत नाही, म्हणून ती फुगत नाही. पाण्याने तिच्यातले सोडियम, पोटॅशियम, चुना काढून नेल्यामुळे तिला वितळवणारे काही फारसे उरलेले नाही. पंधराशे अंशांना ती उभी राहते. साच्याच्या वाळूत मात्र तिच्याकडून काम करून घ्यायचे तर बेन्टोनाइटच्या कितीतरी पट घालावी लागते. एकच फाउंड्री, आणि दोन मातींनी एकमेकींची जागा घेतली तर दोन्हीकडे नुकसान. मिस्त्रींना सांगितले, सांध्याच्या मसाल्यात बेन्टोनाइट मुठीने टाकायची सवय बंद करा. लावायला सोपे जाते हे खरे, पण सुकताना आकसते आणि सांधा फाटतो.

प्रयोगशाळेत परतलो तर मुलगी कपाटातल्या बाटल्या पाहत होती. त्या मी हौसेने जमवल्या आहेत. केरळची पांढरी चिनी माती, कागदाला आणि रंगाला लागणारी. थानगढ आणि बिकानेरची बॉल क्ले, बारीक आणि लवचीक, जिच्याशिवाय वॉश बेसिनचा ओला आकार उभाच राहणार नाही. मोरबीच्या फरशांमध्ये अशाच मातींचे मिश्रण असते. मंगळूरच्या नदीकाठची तांबडी माती, जिच्यावर १८६५ मध्ये बासेल मिशनने कौलांचा कारखाना उभा केला आणि कोकणापर्यंतच्या घरांची छपरे बदलली. शेवटची बाटली शाडूची. कोअर शॉपमधल्या एका मुलाचे घर बापट कॅम्पच्या कुंभार वसाहतीत, त्याने दिलेली. शाडूसुद्धा गुजरातेतून, भावनगरकडून येते. गणपतीच्या मूर्तीला शाडू लागते कारण ती बोटाखाली नाकडोळे धरते, सुकल्यावर गुळगुळीत राहते आणि पाण्यात विरते. साच्याच्या मातीने पाण्यात विरून चालणार नाही, मूर्तीच्या मातीने विरलेच पाहिजे.

दुपारी ३.४५

कालपासून ठेवलेला सिलिंडर आज वाचायचा होता. खरेदी विभागाने नव्या पुरवठादाराचा नमुना दिला होता, सध्याच्या मालापेक्षा दराने बराच स्वस्त. शंभर मिलिलिटर पाण्यात दोन ग्रॅम माती चिमूट चिमूट सोडायची, आधीची बुडाल्याशिवाय पुढची नाही, आणि चोवीस तास हात लावायचा नाही. फाउंड्रीच्या चांगल्या सोडियम मातीचा थर २५-३० मिलिलिटरपर्यंत फुगून येतो. हा १४ वर थांबला होता. आणखी एक भाग भट्टीत ५५० अंशांना तापवून ठेवला होता. थंड झाल्यावर त्याची निळी चाचणी घेतली, तर रंग घेण्याची ताकद निम्म्याहून खाली आलेली. न तापवलेल्या नमुन्याने रंग बरा घेतला होता, म्हणजे नुसत्या त्या एका चाचणीवर हा माल पास झाला असता.

चारला मीटिंग. खरेदीचे म्हणणे सरळ होते, किलोमागे एवढे वाचतात. मी फळ्यावर दुसरी बाजू मांडली. ही माती दर फेरीत जास्त मरते, म्हणून दर बॅचला जास्त टाकावी लागेल. मेलेली माती वाळूत साठेल. तिच्यासाठी पाणी वाढवावे लागेल, पाणी वाढले की वायू वाढेल, कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे वायूची छिद्रे, वाढतील. साठलेली मेलेली माती बाहेर काढायची तर जुनी वाळू फेकून नवी घ्यावी लागेल. म्हणजे कासार्ड्याहून आणखी ट्रक येणार आणि फेकलेल्या वाळूचा ढीग आणखी उंच होणार. तो ढीग टाकायचा कुठे, हा आजच या परिसरातल्या प्रत्येक कारखान्यापुढचा प्रश्न आहे. पोत्यावर वाचलेला रुपया तीन ठिकाणी खर्च होतो, आणि त्या तीनही ठिकाणांचे बिल वेगवेगळ्या खात्यांत जाते म्हणून कुणाला दिसत नाही.

नमुना नापास. प्लँट हेडने सही केली.

सायंकाळी ५.१५

दुसऱ्या पाळीला आकडे दिले. दबण्याचा आकडा ४१, ओलावा ३.४, जिवंत माती ८.१. मामा जाताना विचारून गेले, "मग पाणीच होतं न्हवं?" पाणीच होते.

या परिसरातल्या छोट्या फाउंड्रीमालकांना माझे सांगणे आहे. सँड टेस्टिंगची पूर्ण यंत्रणा परवडत नसेल तर नसू द्या. एक ब्युरेट, एक वजनकाटा, गाळणकागद, मिथिलीन ब्लूची बाटली आणि शंभर मिलिलिटरचा सिलिंडर एवढे एका टेबलावर मावते, आणि ते चालवायला तंत्रनिकेतनातला एखादा मुलगा किंवा मुलगी पुरेशी आहे. बेन्टोनाइटचा ट्रक दारात आला की आधी निळी चाचणी करा, पैसे देण्याआधी सिलिंडर चोवीस तास ठेवून वाचा, आणि नवा पुरवठादार असेल तर नमुना भाजून पुन्हा तपासा.